अर्धा कोयता

पुण्याहून मनमाडच्या दिशेने जाणारी गाडी दौंडला थांबे, आणि ते थांबणे इतर स्थानकांवरच्या थांबण्यासारखे नसे. इंजिन एका टोकाकडून सुटून दुसऱ्या टोकाला जोडले जाई. तोवर ज्या दिशेकडे आपण पाठ करून बसलेलो असू, तीच आता पुढची दिशा होई. मोठी माणसे चहा पीत, लहान मुले खिडकीसाठी भांडत, आणि मी त्या निरुद्योगी वेळात फलाटाच्या कडेला उभा राहून माणसांची कामे पाहत असे. दोन डब्यांमधल्या अरुंद फटीत वाकून कपलिंग सोडणारा. पाण्याचा जाड पाइप खांद्यावरून ओढत नेणारा. गुंडाळलेले दोन झेंडे काखेत धरून काहीच न करता उभा असलेला. आणि या सगळ्यांत मला विलक्षण वाटे तो लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर हलकेच टोला मारीत, कान तिरका करून पुढे सरकणारा माणूस. चाकाला तडा गेला असेल तर नाद बदलतो, असे मामांनी सांगितले होते. आता दौंडला बाहेरून वळसा घालणारी कॉर्ड लाइन झाली आहे. पुष्कळ गाड्या दिशा न बदलता निघून जातात आणि तो रिकामा वेळ कुणाच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्याचे काम नुसते उभे राहून पाहावे, एवढी सवड आयुष्यात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि मला ती एका जंक्शनने दिली होती.

मामा दौंडच्या लोकोशेडमध्ये फायरमन म्हणून लागले, वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा लोटता लोटता ड्रायव्हर झाले, आणि एके वर्षी डोळ्यांच्या तपासणीत अडकून ‘डिकॅट’ झाले. हा शब्द त्या वर्षी आजोळी पाहुण्यासारखा आला आणि पुढे घरचाच होऊन राहिला. मामांना कचेरीतले काम मिळाले. दिवसाचे, पंख्याखालचे, जेवणाच्या सुट्टीचे. तरीही अपरात्री, पूर्वी कॉलबॉय येऊन दारावर थाप मारायचा त्या वेळेला, ते उठून अंथरुणात बसत. कुणी बोलावले नसताना जागे होणे ही कुठल्या वर्गातली गोष्ट आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ते डिकॅट झाले नसते तर रेल्वेने कामांची वर्गवारी कशी बांधली आहे, याकडे माझे लक्ष कधीच गेले नसते. रेल्वेच्या वैद्यकीय नियमावलीत नोकरांचे तीन गट आहेत. ए गटातल्या माणसाची दृष्टी तपासायची ती लोकांच्या सुरक्षिततेसाठी. बी गटातल्याची, त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या शेजारी काम करणाऱ्याच्या जिवासाठी. आणि सी गटातल्याची, केवळ प्रशासनाच्या गरजेपुरती. गटांचे पुन्हा पोटभाग आहेत: ए-१मध्ये इंजिन चालवणारे, बीमध्ये यार्डातले, शेडमधले, फिरत्या यंत्रांजवळचे, आणि अगदी शेवटी सी-२मध्ये कारकून आणि रोखपाल. ही रुक्ष मांडणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो, कारण तिच्या मुळाशी काम कोणते हा प्रश्न नाही, कामाची प्रतिष्ठा किती हाही नाही; तुझी नजर चुकली तर इजा कुणाला होईल, एवढाच तिथे प्रश्न आहे. माणसामाणसांत भेद करण्याच्या ज्या असंख्य रीती आपण शोधल्या, त्यांत मला ही रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि तरीही तिच्यात एक कोरडेपणा आहेच. ए-१मधून सी-२मध्ये येताना मामांचे डोळे एका दिवसात बदलले नव्हते. त्या डोळ्यांच्या भरवशावर झोपणारी माणसे तेवढी गेली होती. सोलापूरच्या बाजूने पहाटे येणाऱ्या गाडीत शेकडो अनोळखी माणसे एका माणसाच्या नजरेवर विसंबून निर्धास्त घोरतात, आणि ही ओझ्याची जाणीवच त्या माणसाला ताठ उभे ठेवते. ओझे उतरल्यावर मामा हलके व्हायला हवे होते, ते वाकले.

रेल्वेच्याच कायद्यात आणखी एक विभागणी आहे, आणि ती मला पहिलीहून गूढ वाटते. १९८९च्या अधिनियमाने कामाच्या तासांसाठी चार वर्ग मानले. अति-श्रमाचे किंवा सलग एकाग्रतेचे काम ते इंटेन्सिव्ह, त्याला आठवड्याची मर्यादा सरासरी ४५ तासांची. नेहमीचे ते कंटिन्युअस, ५४ तासांचे. पर्यवेक्षक वगैरे मंडळी हिशेबाबाहेरची. आणि चौथा वर्ग इसेन्शियली इंटरमिटंट, ज्याला रेल्वेत सगळे ‘ई.आय.’ म्हणतात, त्याला ७५ तास. का, तर या वर्गातल्या माणसाच्या पाळीचा निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ असा जातो की तो कामावर हजर असतो खरा, पण त्या वेळात त्याला अंगमेहनतही करावी लागत नाही आणि सलग लक्षही द्यावे लागत नाही. हा वर्ग ठरवायचा तर निरीक्षक वही-घड्याळ घेऊन त्या माणसाच्या शेजारी बसतो आणि त्याची कृती आणि त्याची अ-कृती मिनिटामिनिटाने उतरवून घेतो. मला त्या निरीक्षकाचे फार कुतूहल आहे. आडबाजूच्या फाटकाशी, बाभळीच्या सावलीत, एक माणूस काही न करता बसला आहे आणि दुसरा त्याचे काही न करणे लिहून घेत आहे, असे हे दृश्य. यात नेमके काम कोण करतो आहे?

पातंजल योगसूत्रांनी धारणा आणि ध्यान यांत भेद केला: चित्त एका जागी बांधणे ही धारणा, आणि त्या जागी त्याचा प्रवाह अखंड होणे हे ध्यान. गेटमनच्या चित्ताला मात्र तिसरेच नाव शोधावे लागेल. ते कशालाही बांधलेले नाही आणि तरी मोकळेही नाही. टेलिफोन वाजेपर्यंत ते कुठेही भटकू शकते, फक्त हाकेच्या अंतरावर. आई झोपलेल्या मुलाशेजारी जशी झोपते, तशी ही जाग असते. कायद्याने तिला विश्रांतीच्या खात्यात टाकले आणि तिची किंमत आठवड्याला जादा तासांनी वसूल केली. यात अन्याय आहे, असे मी एकदम म्हणणार नाही; भट्टीपुढचा तास आणि फाटकाशेजारचा तास एकच कसे मानावेत? पण प्रतीक्षेचा थकवा वहीत उतरत नाही एवढे खरे, आणि जे उतरत नाही ते काही काळाने नसतेच असे धरले जाते.

शिरूरहून न्हावऱ्यावरून निघालेला रस्ता पारगावपाशी भीमा ओलांडतो आणि केडगाव मागे टाकून चौफुल्याला सोलापूरच्या महामार्गाला मिळतो. दिवाळीनंतर या रस्त्याने गेले की सगळा आसमंत उसाच्या कच्च्या गोडसर वासाने जड झालेला असतो. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. बीड, नगरकडून आलेल्या टोळ्यांच्या खोपी शेतांच्या कडेला उभ्या राहतात, प्लास्टिकच्या, पाचटाच्या. इथे मला आयुष्यात ऐकलेल्या वर्गवाऱ्यांतली सर्वांत विलक्षण वर्गवारी ऐकायला मिळाली, आणि ती कुठल्या अनुसूचीत छापलेली नाही. बांधावर उभ्या असलेल्या मुकादमाला मी सहज विचारले, तुमच्याकडे माणसे किती? तो म्हणाला, “बारा कोयते.” मला वाटले, तो हत्यारे मोजतो आहे. मग कळले की कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे मिळून एक कोयता; तो तोडतो, ती सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, किंवा हे सगळे उलटसुलट. उचल कोयत्याला मिळते, खाडा कोयत्याचा पडतो. आणि एकटा पुरुष आला असेल, किंवा एकटी बाई, तर त्याला किंवा तिला म्हणायचे अर्धा कोयता.

मी पुष्कळ दिवस या दोन शब्दांशी अडखळत राहिलो. विवाहाविषयी आपल्याकडे केवढे काव्य झाले, अर्धनारीनटेश्वराची केवढी शिल्पे झाली. पण दोन देह मिळून एक होतात हे इतक्या निखळ हिशेबाने दुसऱ्या कुणी म्हटले नसेल. या भाषेतली बाकीची वर्गवारी वाहनावरून, आणि वाहन नसेल तर देहावरून केलेली आहे. बैलगाडी घेऊन येणारे ते गाडी सेंटरचे, टायरगाडीचे ते टायरवाले, आणि फडातून ट्रकपर्यंत, तिरक्या फळीवरून चढत, मोळी डोक्यावर वाहून नेणारे ते ‘डोकी’. डोकी सेंटर, असे म्हणतात. माणसाचे सगळे नाव त्याच्या एका अवयवापाशी येऊन थांबते. १९६९ साली महाराष्ट्राने हमालांसाठी कायदा केला तेव्हा त्यालाही माथाडीच म्हटले. तिथे निदान त्या माथ्याला मंडळ मिळाले, नोंदणी मिळाली, मजुरीला हिशेब आला. फडातल्या डोक्याला ते अजून पुरते मिळालेले नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. कारणे अनेक सांगितली गेली, पण बांधावर कुणाही बाईला विचारावे, ती खाड्याकडे बोट दाखवते. महिन्याचे चार दिवस कोयत्याच्या हिशेबात बसत नाहीत. मोजण्याचे एकक एकदा ठरले की देहाने त्या मापात बसायचे असते, आणि बसत नसेल तर देहालाच छाटून घ्यायचे असते.

चौफुल्याला कला केंद्रे आहेत. हंगामाच्या रात्री तिथल्या ढोलकीचा आवाज महामार्गाच्या घरघरीत मिसळतो. पायांत शेरभर घुंगरू बांधून पहाटेपर्यंत नाचणारीचे गुडघे कुठल्या गटात घालायचे, हे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तिच्याकडे सगळे पाहतात, म्हणून बहुधा तिचे काम कुणाला दिसत नाही.

पण मला गुऱ्हाळाविषयी सांगायचे आहे. केडगाव, यवत, राहू, खुटबाव या पट्ट्यात गुऱ्हाळांची चिमणी दिसली नाही असा मैल जात नाही. पूर्वी ती उसाच्या मालकाची असत आणि गुळव्या गावचाच असे. आता पुष्कळ चालवायला दिलेली, आणि चुलवाणापाशी उत्तर प्रदेशातून आलेली पोरे. काम मात्र तेच. घाण्यात ऊस लावायचा, आणि लावताना बोटे कुठे संपतात हे विसरायचे नाही. रस काहिलीत, भेंडीचे पाणी घालून वर येणारी मळी झाऱ्याने ओढून घ्यायची. खाली चुलव्या जमिनीच्या पातळीखाली बसून, ज्वाळेच्या तोंडात वाळलेली चिपाडे एका विशिष्ट तालात सारत राहतो, कमी नाही आणि जास्तही नाही, कारण जाळ मागेपुढे झाला की आधण बिघडते. कधी चिपाड कमी पडते आणि त्याच्या जागी शहरातले टाकाऊ प्लास्टिक आणि रबर येते. मग धूर काळा होतो, वास बदलतो आणि आसपासची गावे तक्रार करतात. तक्रार करणाऱ्यांच्या आणि त्या धुराच्या मधे जो माणूस सगळ्यांत जवळ बसलेला असतो, तो तक्रारीत नसतो. शेवटी रस दाटत जातो, ११५ अंशांच्या पुढे सरकतो, बुडबुडे फुलासारखे फुटू लागतात, आणि गुळव्या चमच्याने थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करतो. गोळी काठावर आपटली आणि टण वाजली की आधण उतरवायचे. दौंडच्या फलाटावरचा तो हातोडीवाला मला इथे पुन्हा भेटला. पिकलेपण आणि भेगाळलेपण, दोन्ही कानाने ओळखायची.

त्या चुलव्याचे काम धोक्याचे की बिनधोक्याचे? कायद्याला विचारले तर कायदा आधी डोकी मोजतो. १९४८च्या कारखाना अधिनियमात यंत्रशक्ती असेल तर १० आणि नसेल तर २० माणसे असल्याखेरीज कारखाना होत नसे. कामाच्या सुरक्षिततेची २०२०ची जी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली, तिने हे आकडे २० आणि ४० केले. चुलवाणाशी बसलेली सहा-सात माणसे म्हणजे कारखाना नव्हे. आगीला मात्र ही संख्या माहीत नसते. ती एकट्यालाही तितकीच भाजते. संख्येचा उंबरठा कुठेतरी घालावाच लागतो, हे मला समजते, निरीक्षकांची संख्याही मोजकीच असणार. तरीही ज्वाळेपुढे बसलेल्या माणसाला ‘तुम्ही अजून पुरेसे नाही’ असे सांगण्याची कल्पना करून पाहावी.

शिरूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर, टाकळी हाजी आणि पारनेरच्या बाजूचे निघोज यांच्यामध्ये, कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. कठीण काळा बसाल्ट, आणि त्यात कुंभाराने चाकावर फिरवावेत तसे गोल, गुळगुळीत, खोल रांजण. ते कुणी खोदले नाहीत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी त्या दगडाला पोखरले; एकेका फेरीत किती झिजले असेल ते कुठल्याही निरीक्षकाच्या वहीत आले नसते. तिथून काही मैलांवर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, महागणपतीच्या शेजारी. संध्याकाळी पाळी सुटते आणि बसगाड्यांच्या रांगा रस्त्याला लागतात. इथल्या मुलांना काम कसले असे विचारले तर ती परमनंट, कॉन्ट्रॅक्ट, अप्रेंटिस अशी उत्तरे देतात. फार तर फर्स्ट, सेकंड, थर्ड. हातातल्या वस्तूचे नाव शेवटी येते. प्रेसशॉपमध्ये पाच वर्षे काढलेला एक तरुण माझ्याशी बोलत होता, आणि तो माझ्यावर ओरडतो आहे की काय असे मला वाटत राहिले. त्याची बायको शांतपणे म्हणाली, “ते घरातही असंच बोलतात.” घावाने होणारी इजा बातमीत येते, फेऱ्याने होणारी झीज घरच्यांनाच आधी कळते, आणि तीही आवाज चढल्याची तक्रार म्हणून. त्या जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवायलाच हवेत असे २९ रोग नोंदले होते, त्यांत गोंगाटाने आलेले बहिरेपण होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

त्या यादीतला पहिला रोग शिशाच्या विषबाधेचा. तो वाचताना मला केडगाव आठवते. १८९६-९७च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी इथल्या माळावर ‘मुक्ती’ वसवली. तिथे शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता आणि छापखाना होता. जन्माने कुणाचे काम ठरत नव्हते. ज्या हाताला जे जमे ते त्याने करावे. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच स्त्रियांनी खिळा-खिळा जुळवून छापले. त्या खिळ्यांत शिसे होते, जगातल्या सगळ्याच छापखान्यांच्या खिळ्यांत होते. ज्या बोटांनी अक्षराला पहिल्यांदा स्पर्श केला, त्या बोटांना अक्षराचे विषही लागले असेल का, हा विचार माझ्या मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही. मुक्तीही कुठल्या ना कुठल्या धातूचीच घडवावी लागते.

शिशाबद्दल, पाऱ्याबद्दल, कुंभारांच्या थरथरणाऱ्या हातांबद्दल ज्याने पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला तो बर्नार्दिनो रामाझिनी इटलीतल्या मोदेना नगरातला वैद्य. सन १७००मध्ये त्याचे ‘कारागिरांचे रोग’ हे पुस्तक निघाले. त्याला ही दृष्टी कशी आली ते त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे: त्याच्या घरचा शौचकूप उपसायला माणूस आला होता, तो जिवाच्या आकांताने घाई करीत होता, आणि वैद्याने खाली वाकून विचारले, इतकी घाई का? त्या माणसाने वर पाहिले. त्याचे डोळे लालभडक, धुरकट झाले होते. या कामात चार तासांहून अधिक राहिलो तर आंधळा होईन, असे तो म्हणाला. पुढे रामाझिनीने सगळ्या वैद्यांना सांगितले, रोग्याला जे जे विचारता त्यात एक प्रश्न वाढवा: तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनी तो प्रश्न केसपेपरवर ‘व्यवसाय’ अशा रकान्यात येऊन बसला आहे आणि त्यापुढे बहुधा ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. मला त्या प्रश्नापेक्षा त्या आधीचे वाकणे महत्त्वाचे वाटते. कुरकुंभच्या माळावर, फिरंगाईच्या देवळापासून जवळच, रसायनांचे कारखाने आहेत; भोपाळनंतर, १९८७ साली, अशा ठिकाणांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि कामगाराला आपण काय हाताळतो ते जाणून घेण्याचा हक्क मिळाला. म्हणजे प्रश्न उलटा झाला. आता कामगाराने विचारायचे: मी काय काम करतो आहे? तो विचारतो का, आणि विचारले तर उत्तर त्याच्या भाषेत मिळते का, हे कागदावरून कळत नाही; त्यासाठी वाकावेच लागते.

आपल्याकडे कामांची वर्गवारी नव्हती असे कोण म्हणेल? त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. त्यात बलुतेदारांच्या तीन ओळी दिसतात, ज्यांना कास असेही म्हणत: थोरली, मधली, धाकटी. कास गाईची. शेतकरी ही गाय, आणि कुणाला किती दूध मिळायचे ते कासेवरून ठरलेले. कामाची उपयुक्तता मोजणारी ही मांडणी होती; कामाने होणारी झीज तिच्यात कुठेच नव्हती, कारण झिजायला कोण जन्मला आहे हे आधीच ठरले होते. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी श्रमांचे विभाजन आणि श्रमिकांचे विभाजन यांतला फरक दाखवला, तो या कासेला लावून पाहिला की गावगाड्याचे गोड चित्र नासते. मेलेले ढोर ओढणे, गटार उपसणे, वेशीवर रात्रभर जागणे: सर्वांत धोक्याची कामे एका रांगेत लावली तर ती रांग थेट गावकुसाबाहेर जाते. इसेन्शियली इंटरमिटंट हा वर्ग इंग्रजांच्या रेल्वेने शोधला असे मी वर सुचवले असेन, तर ते मागे घेतो. वेशीवरचा येसकर तोच होता, फक्त त्याला ७५ तासांचीही मर्यादा नव्हती.

आणि गावकूस म्हटले की भीमेच्या काठाने मन खाली खाली उतरत जाते, पंढरपूर ओलांडून मंगळवेढ्याला. संतांना आपण त्यांच्या कामांसकट ओळखतो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. गोरोबांच्या कथेत तर माती तुडवताना लक्ष हरपते आणि रांगते मूल पायाखाली येते. अवधान निसटल्याच्या त्या क्षणाला भक्तीने वेगळा अर्थ दिला, पण घडले ते कामाच्या जागी. चोखोबांचे मरण मात्र कुठल्याही अर्थाला सहज वश होत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, महारांना त्या कामाला लावले होते, भिंत कोसळली आणि कित्येकजण खाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. ज्या भिंतीच्या आत राहण्याची त्यांना मुभा नव्हती तीच बांधताना ते गेले. दिवस लोटल्यावर नामदेव तिथे आले. ढिगाऱ्यात हाडेच उरली होती, सगळ्यांची एकसारखी, आणि नामदेव एकेक हाड कानाशी धरीत गेले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे चोखोबांची, असे त्यांनी ओळखले आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दर वेळी ती चोखोबांपाशी संपत असे. अलीकडे ती माझ्यासाठी तिथे संपत नाही. कानाशी धरून पुन्हा खाली ठेवलेली जी हाडे होती, ज्यांतून काही ऐकू आले नाही, ती कुणाची? त्यांची नावे नाहीत, त्यांच्या समाध्या नाहीत. नामदेवांचा कान हातोडीवाल्याच्या आणि गुळव्याच्या कानाहून कितीतरी सूक्ष्म, तरी तोही एकच नाद शोधत आला होता. वर्ग करायचा म्हणजे काहीतरी ऐकायचे आधी ठरवून यायचे. बाकीची हाडे मुकी होती असे नाही. त्यांतून कदाचित पाठीचे दुखणे ऐकू आले असते, चुन्याचा खोकला ऐकू आला असता, मागे राहिलेल्या बाईचे नाव ऐकू आले असते.

गेल्या माघात मी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. दिवस मावळला होता, फाटक लागले होते. माझ्या पुढे उसाने लादलेली टायरगाडी होती. बैल माना खाली घालून उभे, आणि मोळ्यांच्या ढिगावर, पाचटावर पसरलेल्या गोधडीत एक मूल झोपलेले. गडी उतरून बैलांशी उभा राहिला. बाई वरच बसून होती, मुलाच्या पोटावर एक हात ठेवून. दुसऱ्या हाताने ती तळव्यातली कुसळे काढीत होती, अंधारात, न पाहता. गेटमन खोलीतून बाहेर आला, हिरवा दिवा हातात घेऊन रुळांच्या कडेला उभा राहिला. गाडी यायला वेळ होता. कुणीच काही करीत नव्हते.

मी घड्याळ पाहिले आणि लगेच हात खाली घेतला.

मालगाडी आली, फार लांबलचक. एकेक वाघीण रुळाच्या सांध्यावरून धडधडत गेली आणि मी नकळत कान तिरका केला. फाटक वर गेले. चढावर बैल अडले तेव्हा बाई मुलाला गोधडीत नीट खोचून खाली उतरली, आणि दोघांनी मिळून मागून गाडीला खांदा दिला.